सीटी स्कॅनवरून म्यूटेशन ओळखता येईल का? स्कॅन आणि जनुकीय रिपोर्ट जोडण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांकडे फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) नव्वदेक रुग्णांचे छातीचे सीटी स्कॅन आहेत आणि त्याच रुग्णांचे ईजीएफआर या जनुकातल्या म्यूटेशनचे, म्हणजे बदलाचे, रिपोर्टही आहेत. फक्त स्कॅन पाहून म्यूटेशन ओळखणारं मॉडेल त्यांना प्रबंधासाठी करायचं आहे. त्यासाठी रँडम फॉरेस्ट घ्यावं की डीप लर्निंग (संगणकाला उदाहरणांवरून शिकवायच्या दोन पद्धती), आणि रुग्ण कमी पडतात म्हणून परदेशातला खुला डेटा मिसळावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

कॅन्सरच्या इमेजिंग संशोधनात मी बरीच वर्षं काम करतो आहे आणि असे प्रबंध तपासतही आलो आहे. तुम्हाला आधी प्रश्नांचा क्रम बदलायला सांगेन. नव्वद रुग्णांत कुठलं मॉडेल घेतलं याने फारसं बिघडत नाही आणि फारसं सुधारतही नाही. स्कॅनमध्ये तुम्ही जी गाठ मोजताय आणि प्रयोगशाळेने ज्या तुकड्यातला डीएनए वाचलाय, ती गाठ आणि तो तुकडा एकमेकांचे आहेत का, एकाच काळातले आहेत का, यावर सगळा अभ्यास उभा राहतो. ही जोडणी कच्ची राहिली तर पुढचं गणित अचूक करूनही निष्कर्ष चुकतो, आणि तो चुकलाय हे कळायला काही वाटच उरत नाही.

स्कॅनमध्ये जनुकांची खूण सापडावी तरी का, हे आधी पाहू. मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेलं असतं. ते शाबूत असताना हिफ नावाच्या प्रथिनाला आवर घालतं. ते गेलं की हिफ साचत जातं, ऑक्सिजन कमी पडल्यासारखं पेशी वागू लागते, रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन वाढतं आणि गाठीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं तयार होतं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर ही गाठ सीटीवर एवढी उजळते ती त्यामुळे. जनुकापासून प्रतिमेपर्यंतची साखळी इथे एकेका कडीने दाखवता येते. ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीमध्ये याहून सरळ उदाहरण आहे. आयडीएच जनुकात म्यूटेशन झालं की पेशीत २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन मोठ्या प्रमाणात साठतं, हे २००९ मध्ये कळलं. २०१२ पर्यंत तेच रसायन एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआय यंत्रानेच ऊतीतली रसायनं मोजायची पद्धत), कवटी न उघडता, रुग्णाच्या मेंदूत मोजून दाखवलं गेलं. म्यूटेशनमुळे जे बनतं तेच यंत्र मोजतंय, त्यामुळे मध्ये अंदाजाला फार जागा राहत नाही.

ईजीएफआरची साखळी इतकी स्पष्ट नाही. ग्राउंड ग्लास (धूसर काचेसारखा) भाग असलेल्या, वायुकोशांच्या भिंतींना धरून पसरणाऱ्या, एअर ब्रॉन्कोग्राम (गाठीतून जाणारी हवेने भरलेली श्वासनलिका) दिसणाऱ्या गाठींमध्ये हे म्यूटेशन जास्त आढळतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण याच खुणा म्यूटेशन नसलेल्या गाठींतही दिसतात, आणि म्यूटेशन असलेली गाठ पूर्ण घट्टही असू शकते. म्हणजे तुमच्या हातात संकेत आहे, पण दुबळा आहे. दुबळा संकेत शोधताना जोडणीतली प्रत्येक ढिलाई महागात पडते.

या क्षेत्राची सुरुवात मोठ्या उमेदीने झाली. २००७ मध्ये सेगल, चँग आणि कुओ यांच्या गटाने यकृताच्या कॅन्सरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रेडिओलॉजिस्टने स्कॅनमध्ये डोळ्यांनी टिपलेल्या २८ लक्षणांच्या जोरावर गाठीतल्या जनुकांच्या एकूण अभिव्यक्तीपैकी ७८ टक्के भाग पुन्हा मांडता येतो, असं त्यात दाखवलं होतं. त्या आकड्याने पुष्कळांना या विषयाकडे ओढलं, मलाही. नंतरच्या वर्षांत यातलं काय टिकलं आणि काय नाही हे समजून घेतलंत, तर तुमच्या प्रबंधाला त्याचा थेट उपयोग होईल.

टिकलेल्या गोष्टींत मी टी२-फ्लेअर मिसमॅच ही खूण सर्वांत वर ठेवेन. टी२ आणि फ्लेअर हे एमआरआयच्या प्रतिमांचे दोन प्रकार. टी२ प्रतिमेत पूर्ण गाठ एकसारखी पांढरी दिसते. तीच गाठ फ्लेअरमध्ये कडेची एक पांढरी किनार सोडून आतून काळवंडते. २०१७ मध्ये पटेल आणि सहकाऱ्यांनी कमी श्रेणीच्या १२५ ग्लायोमांचे एमआरआय तपासले. जिथे ही खूण दिसली ती प्रत्येक गाठ आयडीएच म्यूटेशन असलेली आणि १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे भाग शाबूत असलेली, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसायटोमा हा ग्लायोमाचा प्रकार, निघाली. मग ६० रुग्णांच्या वेगळ्या गटात त्यांनी तेच पडताळलं आणि तिथेही तसंच आढळलं. पुढे इतर रुग्णालयांनीही त्याला दुजोरा दिला. मर्यादाही स्पष्ट आहेत. बऱ्याच अ‍ॅस्ट्रोसायटोमांत ही खूण दिसतच नाही, त्यामुळे ती नसली तर काहीच ठरत नाही. लहान मुलांच्या काही वेगळ्या गाठींत ती फसवते, हेही नंतर नोंदलं गेलं.

या खुणेचा रोजच्या कामात काय उपयोग, तेही सांगतो. पुष्कळ ठिकाणी आयडीएचची तपासणी आधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे अँटिबॉडीने ऊतीचा तुकडा रंगवून, होते. त्यात वापरली जाणारी अँटिबॉडी आर१३२एच हा एकच बदल ओळखते. तो सर्वांत जास्त आढळणारा असला तरी एकमेव नाही. अशा वेळी स्कॅनवर ठळक मिसमॅच आणि हातात ‘आयडीएच निगेटिव्ह’ रिपोर्ट असं जुळत नसेल, तर रेडिओलॉजिस्टने पॅथॉलॉजिस्टला फोन करून सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) सुचवायला हवं. स्कॅन आणि जनुकीय तपासणी यांचं हे नातं मला सर्वांत मोलाचं वाटतं. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा धरण्यापेक्षा एकाने दुसऱ्याला ‘पुन्हा बघ’ म्हणावं, यात रुग्णाचं खरं हित आहे. आयडीएच म्यूटेशन असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमासाठी वोरासिडेनिब या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हापासून हा फोन आणखी महत्त्वाचा झालाय.

आता न टिकलेल्या गोष्टींतलं एक उदाहरण, कारण तुमच्या आराखड्याला सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. २०१४ मध्ये आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुस आणि डोके-मान यांच्या कॅन्सरच्या १,०१९ रुग्णांच्या सीटींवरून, प्रत्येक गाठीची ४४० वैशिष्ट्यं मोजून, एक ‘रेडिओमिक सिग्नेचर’, म्हणजे स्कॅनमधून मोजलेल्या आकड्यांचा ठसा, मांडली. चार वैशिष्ट्यांची ती सिग्नेचर रुग्ण किती जगेल याच्याशी जुळत होती आणि जनुकांच्या अभिव्यक्तीशीही तिचा संबंध दाखवलेला होता. त्यातल्या ४२२ रुग्णांचे स्कॅन त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले, ही त्या गटाची मोठी देणगी आहे. कारण त्यामुळेच २०१९ मध्ये टोरंटोतल्या वेल्च आणि सहकाऱ्यांना ती सिग्नेचर पुन्हा उभी करून तपासता आली. त्यांनी गाठीच्या आतली व्हॉक्सेलची (त्रिमितीय प्रतिमेतल्या एकेका ठिपक्याची) मूल्यं सरळ उलटसुलट करून टाकली. म्हणजे आतला पोत पूर्ण मोडला, फक्त बाहेरचा आकार आणि आकारमान राहिलं. तरीही सिग्नेचरची कामगिरी जवळपास तशीच राहिली.

असं का झालं ते एका वैशिष्ट्यावरून पाहा. ‘एनर्जी’ म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलच्या मूल्याचा वर्ग करून केलेली बेरीज. मूल्यांची जागा बदलली म्हणून बेरीज बदलत नाही. गाठ मोठी असेल तर व्हॉक्सेल जास्त, म्हणून बेरीज मोठी. नाव भारदस्त असलं तरी मोजलं जातंय ते मुख्यतः आकारमान. मोठी गाठ असलेला रुग्ण कमी जगतो हे सांगायला सीटीवर फूटपट्टी पुरते. तुमच्या प्रबंधात ही चाचणी नक्की ठेवा. एका मॉडेलमध्ये फक्त गाठीचं आकारमान द्या, दुसऱ्यात व्हॉक्सेल विस्कटून तीच वैशिष्ट्यं काढा. तुमचं मूळ मॉडेल या दोघांना स्पष्टपणे मागे टाकत नसेल तर तुम्ही पोतातून म्यूटेशन वाचलेलं नाही.

दुसरा प्रसंग २०२१ चा. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या आक्रमक गाठीच्या एमआरआयवरून एमजीएमटी जनुकाचं मिथायलेशन ओळखायची जागतिक स्पर्धा उत्तर अमेरिकेतली रेडिओलॉजीची संस्था आणि वैद्यकीय प्रतिमा-संगणनातली संस्था यांनी मिळून घेतली. जगभरातले कसलेले संघ उतरले होते. विजेत्या मॉडेलचा एयूसी (दोन गट वेगळे ओळखण्याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.६२ च्या आसपास आला, आणि नाणं उडवलं तर ०.५ येतो. त्याआधी छोट्या छोट्या गटांवर ०.८ आणि ०.९ चे दावे छापून आलेले होते. मिथायलेशन हा डीएनएवरचा सूक्ष्म रासायनिक बदल आहे, त्यातून गाठीच्या दिसण्यापर्यंत पोहोचणारी ठाम साखळी कुणी दाखवलेली नव्हती. शिवाय मिथायलेशनच्या चाचण्या आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणायची सीमारेषा प्रयोगशाळेगणिक वेगळी असते. ज्या उत्तरपत्रिकेवरून मॉडेल शिकतंय तीच एकसारखी नसेल, तर जास्त ताकदीचा संगणक आणून काही साधत नाही.

आता जोडणीकडे येतो, आणि इथे जरा थांबतो.

स्कॅन आणि जनुकीय माहितीचा एक मोठा जोडलेला साठा अमेरिकेतला आहे. कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास, ज्याला सगळे टीसीजीए म्हणतात, तो २००६ मध्ये सुरू झाला. त्यात ३३ प्रकारच्या कॅन्सरचे ११,००० हून अधिक रुग्ण आहेत. त्यांचे स्कॅन मात्र त्या प्रकल्पाचा भाग नव्हते. ते नंतर, २०११ मध्ये सुरू झालेल्या कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हने, म्हणजे टीसीआयएने, एकेका रुग्णालयाकडून मागून गोळा केले. म्हणूनच ग्लायोब्लास्टोमाच्या गटात २६२ रुग्णांचे स्कॅन असूनही, बकास आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधीचे आणि गरजेच्या सगळ्या सिक्वेन्स (एमआरआयच्या प्रतिमांचे प्रकार) असलेले एमआरआय वेगळे काढले तेव्हा १३५ च उरले. कमी श्रेणीच्या ग्लायोमात १९९ मधून १०८. जवळपास अर्धे गेले. त्यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. ते स्कॅन उपचारासाठी काढलेले होते, संशोधनासाठी नव्हते. तुमच्या नव्वदांतून किती उरतील, हा अंदाज बांधूनच मार्गदर्शकांशी बोला.

टीसीजीएकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचला, ती म्हणजे त्यांचा बारकोड. प्रत्येक नमुन्याच्या ओळखक्रमांकात पहिला भाग प्रकल्पाचा, दुसरा नमुना जिथून आला त्या संस्थेचा, तिसरा रुग्णाचा, आणि चौथ्यात नमुन्याचा प्रकार असतो. तिथे ०१ म्हणजे मूळ गाठ, ०२ म्हणजे पुन्हा उद्भवलेली गाठ, ०६ म्हणजे दुसरीकडे पसरलेली, १० म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं रक्त. पुढे कुपी, तुकडा, प्लेट असं सगळं येतं. रुग्ण एकच असला तरी ०१ आणि ०६ चे निकाल वेगळे असू शकतात, हे त्या क्रमांकातच कोरलेलं आहे. आपल्याकडे एक्सेलमध्ये ‘रुग्ण क्रमांक’ आणि ‘ईजीएफआर: हो/नाही’ एवढे दोनच रकाने असतात, आणि बाकीची माहिती तिथेच हरवते.

समजा एका रुग्णाचा सीटी जानेवारीत झाला. उजव्या वरच्या लोबमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ आहे. बायोप्सी मात्र गाठीतून घेतली नाही, कारण छातीत पाणी झालं होतं आणि ते काढून त्यातल्या पेशींचा सेल ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवलेला ठोकळा, केला. रिपोर्ट आला निगेटिव्ह. एप्रिलमध्ये कॉलरबोनच्या वरच्या लिम्फ नोडमधून पुन्हा नमुना घेतला, एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारं सिक्वेन्सिंग) केलं, आणि ईजीएफआरच्या एक्झॉन १९ या भागात डिलीशन, म्हणजे गळालेला तुकडा, सापडलं. तुमच्या शीटमध्ये या रुग्णापुढे काय लिहाल? जानेवारीतला नमुना पाण्यातला होता, त्यात कॅन्सरच्या पेशी थोड्या असतील तर चाचणीला म्यूटेशन सापडत नाही आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ छापून येतं. एप्रिलचा नमुना पुरेसा आहे, पण तोवर दोन-तीन केमो झाल्या आणि गाठीचा पोत बदलला. यात चूक-बरोबर असं एक उत्तर नाही. मात्र नियम आधी ठरवायचा, लिहून ठेवायचा, आणि सगळ्या रुग्णांना तोच लावायचा. मी असा रुग्ण मुख्य विश्लेषणात पॉझिटिव्ह धरेन, स्कॅन जानेवारीचाच घेईन, आणि ‘नमुना वेगळ्या जागेचा’ अशी खूण करून अशा सर्वांना वगळून एक वेगळं विश्लेषणही देईन.

निगेटिव्ह रिपोर्टांकडे विशेष लक्ष द्या. पीसीआर किट (डीएनएचा निवडक भाग वाढवून तपासणारी चाचणी) ठरावीक बदलच शोधतं, एनजीएस त्याहून बरेच जास्त शोधतं, आणि रक्तातल्या डीएनएवरची चाचणी गाठ रक्तात किती डीएनए सोडतेय यावर अवलंबून असते. तिन्हींच्या कागदावर शब्द एकच असला तरी अर्थ तीन आहेत. म्हणून नमुन्याची जागा, नमुन्याची तारीख, चाचणीचा प्रकार आणि नमुन्यातल्या कॅन्सर पेशींचं प्रमाण हे चार रकाने पॅथॉलॉजी विभागात बसून, मूळ रिपोर्ट पाहून, स्वतः भरा. हे काम कंटाळवाणं आहे, आठवडे खातं, आणि प्रबंधात त्याला एक परिच्छेद मिळतो. तरीही सगळ्या अभ्यासात याहून मोलाचं काम दुसरं नाही असं मी मनापासून मानतो.

जोडणी पक्की केली तरी एक अडचण उरते, ती जीवशास्त्राची आहे. २०१२ मध्ये लंडनमधल्या गेरलिंगर, स्वॉन्टन आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या एकाच गाठीतून अनेक ठिकाणचे नमुने घेऊन वाचले. ६३ ते ६९ टक्के म्यूटेशन अशी होती, की ती गाठीच्या प्रत्येक भागात सापडली नाहीत. व्हीएचएलसारखा सुरुवातीचा बदल सगळीकडे होता, नंतर आलेले बदल काही भागांपुरते होते. सुई गाठीच्या एका कोपऱ्यात जाते, सीटी मात्र सगळी गाठ दाखवतो, सुई पोहोचत नाही अशा मेटास्टॅसिससकट (दुसरीकडे पसरलेल्या गाठींसकट). त्यामुळे रोगाच्या सुरुवातीलाच होणाऱ्या, गाठभर पसरलेल्या म्यूटेशनसाठी स्कॅन आणि बायोप्सी जोडणं जास्त सुरक्षित आहे. ईजीएफआर बहुतांशी त्या प्रकारात मोडतं, म्हणून तुमचा विषय मला योग्य वाटतो. औषधाला प्रतिकार देणारं टी७९०एम घेतलं असतंत तर मी थांबवलं असतं.

स्कॅनच्या बाजूचं थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असेल. अनेक पॅक्समध्ये (रुग्णालयाच्या स्कॅन-साठ्यात) जागा वाचवायला ५ मिमीच्या स्लाइसच ठेवतात, बारीक स्लाइस पुसल्या जातात. शार्प कर्नल आणि सॉफ्ट कर्नल (प्रतिमा तयार करताना लावलेल्या गाळण्या) यांत पोताचे आकडे पार वेगळे येतात. ‘बाहेरचा सीटी’ सीडीवर येतो, तो कुठल्या यंत्रावरचा, कुठल्या फेजचा, हे हेडर उघडून पाहावं लागतं. आपल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत क्षयाचे जुने व्रण असतात आणि गाठीची कड कुठे संपते हे ठरवताना दोन रेडिओलॉजिस्टांत मतभेद होतात. म्हणून किमान तीसेक गाठींचं सेगमेंटेशन (कडेचं रेखाटन) दोघांनी, म्यूटेशनचा निकाल न पाहता, स्वतंत्रपणे करा. दोघांच्या रेखाटनांत जे वैशिष्ट्य स्थिर राहत नाही ते टाकून द्या. वैशिष्ट्यांच्या व्याख्यांसाठी आयबीएसआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा आधार घ्या. २०२० मध्ये त्यांनी १७४ पैकी १६९ वैशिष्ट्यांच्या व्याख्यांवर २५ गटांचं एकमत घडवलं. पायरेडिओमिक्ससारखी मोफत साधनं बऱ्याच अंशी त्यांना धरूनच आहेत.

यंत्रांमधला फरक पुसायला कॉम्बॅट नावाची पद्धत वापरतात. ती २००७ मध्ये जनुकांच्या मायक्रोअ‍ॅरेसाठी तयार झाली होती, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या बॅचमध्ये केलेल्या चाचण्या एका पातळीवर आणायला. दहा वर्षांनी इमेजिंगवाल्यांनी ती उचलली. चांगली आहे, पण एका परिस्थितीत ती वाचवू शकत नाही. समजा तुमच्या रुग्णालयात एनजीएस होतं ते मुख्यतः खाजगीतून पाठवलेल्या रुग्णांचं, आणि त्यांचे सीटी बाहेरच्या नव्या यंत्रांवरचे आहेत. मग ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘नवं यंत्र’ हे एकत्रच येतील आणि मॉडेल यंत्र ओळखायला शिकेल. टीसीजीएच्या पॅथॉलॉजी स्लाइडांवर हेच घडलेलं शिकागोतल्या हॉवर्ड, पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं. स्लाइड कुठल्या संस्थेतून आली हे मॉडेलला रंगांवरून कळत होतं आणि संस्थेवरून बाकीचे अंदाज फुगत होते. उपाय साधा आहे. एका केंद्राचे सगळे रुग्ण एकतर शिकवायच्या गटात ठेवा किंवा तपासायच्या गटात, दोन्हींत विभागू नका. आणि एकाच रुग्णाच्या काही स्लाइस इकडे, काही तिकडे हे तर कधीच नको. अजूनही प्रबंधांत ते दिसतं.

आता आकड्यांचं. टाटा मेमोरियलच्या गटाने २०१३ मध्ये ९०७ भारतीय रुग्णांचे नमुने तपासून ईजीएफआर म्यूटेशनचं प्रमाण २३ टक्के सांगितलं होतं. त्या हिशेबाने तुमच्या नव्वदांत साधारण एकवीस पॉझिटिव्ह निघतील. एका चलामागे दहा घटना (इथे दहा पॉझिटिव्ह रुग्ण) हा जुना ठोकताळा धरला तर मॉडेलमध्ये दोन वैशिष्ट्यं मावतात, फार तर तीन. तुम्ही मात्र हजार वैशिष्ट्यं काढणार. त्यातली एकही खरी नसली तरी पाच टक्क्यांच्या सीमारेषेवर पन्नासेक ‘लक्षणीय’ दिसतील. म्हणून वैशिष्ट्यं निवडायचं काम क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (रुग्णांचे गट पाडून आळीपाळीने शिकवणं आणि तपासणं) आत, प्रत्येक फेरीत नव्याने झालं पाहिजे. आधी सगळ्या नव्वदांवर निवड करून मग व्हॅलिडेशन केलं, तर निव्वळ योगायोगातूनही ०.९ चा एयूसी येऊ शकतो.

तुलनेचं मॉडेलही हवंच. ईजीएफआर म्यूटेशन कधीच धूम्रपान न केलेल्यांत आणि स्त्रियांत जास्त सापडतं. म्हणजे ‘सिगारेट-बिडी ओढता का’ या एका प्रश्नात बराच अंदाज दडलेला आहे. स्कॅनमुळे त्यात किती भर पडली, हाच तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न आहे. तंबाखू चघळणं आणि बिडी ओढणं हे केसपेपरवर वेगवेगळं नोंदलेलं नसेल, तर रुग्णांना किंवा नातेवाइकांना फोन करून विचारावं लागेल, अर्थात नीतिसमितीच्या परवानगीने.

परदेशी डेटाविषयी माझं मत असं: मिसळू नका, पडताळणीसाठी वेगळा ठेवा. स्टॅनफर्ड आणि पालो आल्टोतल्या रुग्णालयांचा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संच टीसीआयएवर आहे. त्यात २११ रुग्णांचे सीटी, बऱ्याच जणांचं गाठीचं रेखाटन आणि ईजीएफआर आणि केरास या जनुकांचे निकाल दिलेत. तुमच्या कामासाठी याहून जवळचा खुला संच मला माहीत नाही. रायडर नावाचा आणखी एक छोटा संच आहे, ३२ रुग्णांचे पंधरा मिनिटांच्या आत दोनदा काढलेले सीटी. पंधरा मिनिटांत गाठ बदलत नाही, म्हणून दोन स्कॅनमध्ये जे वैशिष्ट्य बदलतं त्यावर भिस्त ठेवू नका.

मिसळू नका म्हणतो कारण लोकसंख्येत म्यूटेशनचं प्रमाणच वेगळं आहे. समजा मॉडेलची संवेदनशीलता (म्यूटेशन असलेल्यांना बरोबर ओळखणं) आणि विशिष्टता (नसलेल्यांना बरोबर वगळणं) दोन्ही ८० टक्के आहेत. म्यूटेशनचं प्रमाण १२ टक्के असलेल्या गटात मॉडेलने ‘पॉझिटिव्ह’ म्हटलेल्या शंभरांतले ३५ खरे निघतील, २३ टक्क्यांच्या गटात ५४, आणि प्रमाण ५० टक्के असलेल्या, पूर्व आशियाई रुग्णांसारख्या गटात ८०. मॉडेल तेच, पण डॉक्टरने त्यावर किती विसंबायचं ते पूर्ण बदललं. आपल्या रुग्णांसाठी आपलाच जोडलेला साठा लागतो तो यासाठी. टाटा मेमोरियलने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने, आयआयटी मुंबई आणि दिल्ली-चंदीगडच्या संस्थांना घेऊन, डोके-मान आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरपासून इमेजिंग बायोबँक उभारायला घेतली आहे. कोलकात्याचं टाटा मेडिकल सेंटर आणि आयआयटी खरगपूर यांचा ‘छवी’ हा साठाही याच दिशेचा आहे. तुमची नव्वदांची शीट नीट असेल तर ती उद्या अशा साठ्यात सामावू शकते.

त्यासाठी ओळख लपवण्याचं काम पहिल्या दिवसापासून करा. डायकॉम (स्कॅनच्या फाइलचा प्रकार) हेडरमधलं नाव आणि रुग्ण क्रमांक काढणं सोपं आहे. यंत्र कंपन्यांच्या खासगी टॅगमध्ये आणि कधी प्रतिमेवरच उमटलेल्या अक्षरांत नाव राहून जातं. तारखा पुसून टाकू नका, नाहीतर स्कॅन आणि बायोप्सीमधलं अंतर हरवेल. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा. पेट-सीटीत डोकं आलं असेल तर चेहऱ्याचा भाग काढा. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ७० जणांना बरोबर ओळखलं. जनुकीय माहितीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण ती भावंडांची आणि मुलांचीही असते. तपासलेल्या जनुकांच्या पॅनेलमध्ये आनुवंशिक बदल सापडला तर रुग्णाला कोण, कसं सांगणार, हे संमतिपत्रात आधीच असायला हवं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दोन्ही हाताशी ठेवा. रुग्णाचं नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी ओळखीची किल्ली स्कॅनच्या फोल्डरमध्ये नको, पेन ड्राइव्हवर तर नकोच.

मॉडेलचं म्हणाल तर लॅसो किंवा रिज (वैशिष्ट्यांचं वजन आवरणाऱ्या पद्धती) लावलेलं लॉजिस्टिक रिग्रेशन तुम्हाला पुरेल. रँडम फॉरेस्ट तुलनेला लावा. नव्वद रुग्णांवर शून्यापासून डीप लर्निंग करू नका. निकाल ०.६ आला तर ०.६ लिहा, विश्वासांतरासकट (कॉन्फिडन्स इंटरव्हल). पक्क्या जोडणीवरचा ०.६ मी परीक्षक म्हणून कच्च्या जोडणीवरच्या ०.९ पेक्षा वर ठेवेन, आणि हा विषय जाणणारा कुठलाही परीक्षक तसंच करेल. सुरुवात पॅथॉलॉजीच्या रजिस्टरपासून करा. पहिल्या दहा रुग्णांचे ते चार रकाने भरून झाले की मार्गदर्शकांना दाखवा. किती नमुने गाठीतलेच आहेत आणि किती पाण्यातले वा नोडमधले, हे त्या दहांवरूनच बरंचसं कळेल, आणि प्रबंधाचा प्रश्न नेमका कसा मांडायचा तेही तेव्हाच ठरवता येईल.